नंबर नसलेली यादी

"मोजू द्या आधी," असं ती म्हणायची. हातात चिमटा, मान खाली, समोर ओल्या कागदाची गुंडाळी उलगडलेली. साहेब दारात उभे राहून विचारायचे, लॉट पास आहे का, गोडाऊनवाले खोळंबलेत. ती मान वर न करता एवढंच म्हणायची. कुणी चहा कसा झालाय विचारलं तरी तिच्या तोंडून आधी हेच निघायचं, आणि मग ती स्वतःशीच हसायची.

जालन्यात बियाण्याच्या कंपन्या किती आहेत हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यातल्या एका मध्यम कंपनीच्या प्रयोगशाळेत मी आवक-जावक सांभाळायचो आणि ती बियांची उगवण तपासायची. शंभर बिया मोजून ओल्या कागदावर ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळून उबेच्या कपाटात उभा करायचा, आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवल्या, किती कुजल्या ते रजिस्टरात लिहायचं. सगळं काम एवढंच. तिच्या आधीची दोन माणसं कंटाळून सोडून गेली होती. ही मात्र कुजलेली बी बाजूला काढायची, ब्लेडने चिरायची आणि भिंगाखाली धरून बघत बसायची. ते तिचं काम नव्हतं.

मी तिला तोंडावर मॅडम म्हणायचो, ती मला भाऊ. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती, म्हणून इथे 'ती' लिहितो. तुम्ही समजून घ्याल.

हसनाबादची मुलगी. घरची शेती, वडील स्वतः औत धरणारे. घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. कृषी पदवी झाली, नोकरी लागली, जालन्यात एका कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली, आणि दर शनिवारी संध्याकाळी गावी जायची. असं सरळ चाललं होतं. मग एक दिवस तिने मला सांगितलं की ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला अर्ज करतेय, बियाण्याचं शास्त्र शिकायला. इंग्रजीची परीक्षा ती पुण्याला जाऊन देऊन आली होती आणि आम्हाला वाटलं होतं नातेवाइकाच्या लग्नाला गेलीय.

"इथं चांगलं चाललंय की, मॅडम," मी म्हणालो.

"भाऊ, इथं मी किती मेलं ते मोजते," ती म्हणाली. "का मेलं ते मला शिकायचंय."

तिच्या माडीवरच्या खोलीचा पत्ता पोस्टमनला सापडायचा नाही, म्हणून तिने अर्जावर कंपनीचा पत्ता दिला. कंपनीत आलेलं प्रत्येक पाकीट फोडून त्यावर आवक क्रमांक टाकायचा, हे माझं काम. एप्रिलच्या सुरुवातीला ते पत्र आलं तेव्हा ती शहराबाहेरच्या चाचणी प्लॉटवर गेली होती.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही. माझं इंग्रजी म्हणजे आपल्या पत्राच्या संदर्भात वगैरे, इतपतच. पत्राचा पहिला परिच्छेद मला बरोबर कळला. त्यात तिचं कौतुक होतं. समिती तिच्या गुणांनी प्रभावित झालीय, असं काहीतरी. मी तिथेच थांबलो. मला इतका आनंद झाला की पुढचं वाचायची गरजच वाटली नाही. तिच्या फाइलीत अडीअडचणीसाठी गावातल्या घराशेजारच्या किराणा दुकानाचा नंबर होता. मूळचे राजस्थानकडचे शेठजी, पण तीन पिढ्या हसनाबादेत काढलेल्या. त्यांना फोन लावून मी सांगितलं, शेजारच्यांच्या पोरीचं अमेरिकेत झालं म्हणून कळवा. शेठजींनी फोन कानाला असतानाच रस्त्यावर हाक दिली. मला ती ऐकू आली.

ती चारला आली. धुळीने भरलेल्या चपला दारात काढल्या. मी पत्र दोन्ही हातांनी पुढे केलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पान उलटलं, पुन्हा पहिल्या पानावर आली.

"भाऊ, हे तुम्ही पूर्ण वाचलं का?"

मी काहीतरी पुटपुटलो. तिने दुसऱ्या परिच्छेदातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. वेटिंग लिस्ट. बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी जागा मोजक्या आहेत, त्या भरल्यात. कुणी नकार दिला तर तुमचा विचार होईल. यादीत राहायचं असेल तर सोबतचा फॉर्म भरून पाठवा, असा मजकूर तिने मला समजावून सांगितला.

मला वेटिंग लिस्ट म्हणजे रेल्वेची माहीत. मी म्हणालो, मग होईल की कन्फर्म, नंबर कितवा आहे?

"नंबर दिलेला न्हाई," ती म्हणाली.

मग मला फोनचं सांगावं लागलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आण्णांनी आता पेढे आणले असतील." बस, इतकंच. त्या दिवशी चार गुंडाळ्या मोजायच्या राहिल्या होत्या. तिने हात धुतले आणि त्या मोजल्या.

सहाच्या सुमारास तिने माझ्यासमोरच गावी फोन लावला. शेठजींनी आधी स्वतः अभिनंदन केलं, मग त्यांच्या पत्नीने, मग कुणीतरी धावत जाऊन वडिलांना घेऊन आलं. ती सांगायला तोंड उघडायची आणि पलीकडून वडील बोलत राहायचे. शेवटी ती नुसतं "हो आण्णा, हो," म्हणाली आणि फोन ठेवला. मी विचारलं, सांगितलं का नाही? ती म्हणाली, वडील रडत होते. तिने त्यांना आजवर कधी रडताना ऐकलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

पुढच्या रविवारी गावाने तिचा सत्कार ठेवला. मीही गेलो. मारुतीच्या देवळासमोर मंडप, शाळेतून आणलेल्या खुर्च्या, माईक. मुख्याध्यापकांनी तिच्या दहावीच्या मार्कांपासून सुरुवात केली. शाल झाली, नारळ झाला. मग तिला बोलायला सांगितलं. ती माईकपाशी गेली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "मला अजून प्रवेश मिळालेला नाही. माझं नाव प्रतीक्षा यादीत आहे. मिळेल की नाही, मला माहीत नाही."

मंडप गप्प झाला. मला वाटलं, सुटलो. पण मुख्याध्यापक लगबगीने माईकपाशी आले आणि म्हणाले, हा आपल्या लेकीचा विनय आहे, एवढं यश मिळवूनही पाय जमिनीवर आहेत. टाळ्या झाल्या. चांगल्या मिनिटभर झाल्या. पुढच्या रांगेत तिचे वडील बसले होते, पांढरा फेटा, हात मांडीवर. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

एकदा खरं सांगून कुणी ऐकलं नाही की दुसऱ्यांदा सांगायला माणसाकडे बळ उरत नाही, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. तिने यादीत राहण्याचा फॉर्म रजिस्टर्ड टपालाने पाठवला आणि कामाला लागली. घरी आईने कुरडया, पापड, शेंगदाण्याची चटणी करून डबे भरून ठेवले. भावाने मोठी बॅग घेऊन दिली. गावातला जो तो विचारायचा, कधी निघतेस. ती म्हणायची, अजून कागद यायचेत. ते खोटं नव्हतं, पण ते म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. हळूहळू तिने दर शनिवारी गावी जाणं सोडलं. कामाचा भार आहे, असं घरी कळवायची.

शनिवार दुपार तिने दुसऱ्या कामासाठी ठेवली. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शहरात इंटरनेटचं पहिलं-दुसरं दुकान निघालं होतं. शनिवारी अर्धा दिवस सुटला की ती तिथे जाऊन ई-मेल बघायची. फक्त शनिवारी. रोज गेले तर वेडी होईन, म्हणायची. बाकीचे सहा दिवस तिने त्याचं नावही काढायचं नाही असं स्वतःला बंधन घालून घेतलं होतं. मे महिन्यात तिने विद्यापीठाला विचारलं की माझा नंबर कितवा. उत्तर आलं की यादीला क्रमांक नसतात, आणि खाली तुमच्या संयमाबद्दल आभार. तिने तो कागद छापून आणला होता. मला दाखवून म्हणाली, "माझ्याकडं संयम हाये हे यांना कुणी सांगितलं?" आम्ही दोघं हसलो. तिचं हसू लवकर संपलं.

ती मोजण्यात कधी चुकायची नाही. त्या मे अखेरीस चुकली.

कापसाचा एक लॉट होता. अठ्ठेचाळीस उगवलेला, तिने रजिस्टरात चौऱ्याऐंशी लिहिला. आकडे उलटे पडले. लॉट पास झाला, पिशव्या भरल्या, गाडी गेली. चार दिवसांनी ती स्वतःच जुनी पानं मोजणीच्या कच्च्या चिठ्ठ्यांशी ताडून बघत होती, तेव्हा तिला दिसलं. तिचा चेहरा असा झाला की मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. ती सरळ साहेबांकडे गेली. साहेब वैतागले, पण वाईट माणूस नव्हते. माल जाफराबादच्या एका दुकानात गेला होता. ते म्हणाले, दुकानदाराला फोन करतो, परत पाठवेल. ती म्हणाली, मी जाते. मला सोबत दिलं.

शेअर जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही जाफराबादेला गेलो. ऊन मी म्हणत होतं. दुकानात सगळ्या पिशव्या जागेवर होत्या, दोन सोडून. त्या जवळच्या गावातल्या एका शेतकऱ्याने नेल्या होत्या. पेरण्या लागायच्या होत्या, म्हणून दुकानदाराला घाई नव्हती. माणूस पाठवतो, म्हणाला. ती थांबायला तयार नव्हती. आम्ही त्या गावाला गेलो. शेतकरी घरीच होता, ओसरीत बसून दोरखंड वळत होता. तिने त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं की या पिशव्यांतलं बी निम्मंसुद्धा उगवणार नाही, चूक माझी आहे, मी आकडा चुकीचा लिहिला. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला कंपनीतून कुणी बाई आपल्या दारात येऊन असं बोलेल हे खरं वाटत नसावं. मग त्याने आतून पिशव्या आणून दिल्या आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

परतीच्या जीपमध्ये पिशव्या पायाशी ठेवून ती बोलायला लागली. आजवर तिने असं कधी सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, आपली जागा व्हायची तर कुणीतरी न्हाई म्हणायला पाहिजे. असा एक मुलगा आहे कुठंतरी, चीनमध्ये असेल नाहीतर ब्राझीलमध्ये. त्याला जागा मिळालीय. ती रोज त्याचा विचार करते. आधी तिला वाटायचं, त्याला दुसरीकडे याहून चांगलं मिळावं. मग वाटायला लागलं, त्याच्या घरची अडचण निघावी. "आणि आता, भाऊ," ती म्हणाली, "त्याची आई आजारी पडावी, असं मनात येतं. ज्या दिवशी तो आकडा लिहिला ना, त्या दिवशी मी त्याच्या आईचाच विचार करत व्हते."

मी म्हणालो, असं मनात येतं माणसाच्या.

"माझ्या येत नव्हतं," ती म्हणाली.

जीप भोकरदनला थांबली, माणसं उतरली, दुसरी चढली. ती खिडकीबाहेर बघत होती. मग शांतपणे म्हणाली, त्यांनी स्पष्ट न्हाई म्हणलं असतं तर मी चार दिवस रडले असते आणि कामाला लागले असते. हो म्हणलं असतं तर गेले असते. हे मधलं मला राहता येईना. मी विचारलं, मग नाव काढून घ्यायचं का? न्हाई, म्हणाली. ते माझ्यानं होईना.

जून गेला, जुलै गेला. ती काम करत राहिली, पण आता प्रत्येक आकडा दोनदा वाचून मगच लिहायची, आणि तरी कधी कधी संध्याकाळी परत येऊन कपाट उघडून बघायची. वजन उतरलं होतं. जेवणाचा डबा अर्धा परत न्यायची. गावाहून शेठजींचा फोन आला की मीच घ्यायचो आणि मॅडम प्लॉटवर आहेत म्हणून सांगायचो. तुम्ही म्हणाल, माझ्या एका फोनची भरपाई मी अशी करत होतो. असेलही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी, तिने मला इंटरनेटच्या दुकानापर्यंत सोबत यायला सांगितलं. आजवर कधी सांगितलं नव्हतं. मी बाहेर सायकलपाशी उभा राहिलो. पाच मिनिटांत ती बाहेर आली. पैसे अर्ध्या तासाचे दिले होते, उरलेला वेळ तिने रांगेतल्या एका मुलीला देऊन टाकला होता.

"यादी बंद झाली," ती म्हणाली. "न्हाई झालं."

आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला. ती रडली नाही. फक्त बशीतला चहा तिला संपवता आला नाही. उठताना म्हणाली, तो गेला असेल आता तिकडे. त्याची आई ठीक असेल. आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "पंधरा ऑगस्टला मी गावी झेंडावंदनाला जाणार हाये. तुम्हीच कळवलं व्हतं, भाऊ. आता तुम्ही पण या."

त्या चार महिन्यांत तिने मला दोष दिला तो एवढाच.

शाळेच्या मैदानात मुलं रांगेत उभी होती. रात्री पाऊस पडून गेल्यामुळे जमीन ओली होती. तिने आधीच मुख्याध्यापकांना गाठून सांगितलं की झेंडावंदन झाल्यावर मला दोन मिनिटं बोलायचंय. त्यांना कारण कळल्यावर ते अवघडले. कशाला बाई, म्हणाले, लोक विसरतील हळूहळू. ती म्हणाली, सर, मागच्या वेळी मी सांगितलं तेव्हा तुम्ही विनय म्हणालात. या वेळी मधे बोलू नका, एवढंच मागते.

राष्ट्रगीत झालं. ती पुढे आली. माईक नव्हता.

"मला अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही," ती म्हणाली. "एप्रिलमध्येही मिळाला नव्हता. मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, पण तुमच्या टाळ्यांनंतर मी परत सांगायला पाहिजे होतं, ते सांगितलं नाही. तुम्ही दिलेली शाल मी परत करत नाही, कारण ती तुम्ही प्रेमाने दिली. पण ती कशासाठी दिली होती, ते झालेलं नाही."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागे बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. एक म्हातारी म्हणाली, बरं झालं माय, इथंच हायेस. मुलांना बिस्किटं वाटायला सुरुवात झाली आणि सगळ्यांची सुटका झाली.

तिचे वडील मैदानाच्या कडेला उभे होते. ती त्यांच्याकडे गेली, मी दोन पावलं मागे. मला वाटलं होतं, ते काही बोलणार नाहीत, किंवा बोलतील ते मला ऐकवणार नाही. त्यांनी फेटा सारखा केला.

"मला माहीत व्हतं, बाई," ते म्हणाले.

ती थांबली.

"सत्काराच्या दिवशीच. मास्तर विनय म्हनले. पण तू असं उगं चांगलं दिसायला काही बोलत न्हाईस. तू म्हनलीस न्हाई मिळालं, म्हंजे न्हाई मिळालं."

"मंग टाळ्या का वाजवल्या, आण्णा?"

"तू तिथं एकटी उभी व्हतीस," ते म्हणाले.

तिने विचारलं, इतके दिवस बोलला का न्हाईत. ते म्हणाले, तू बोलत नव्हतीस म्हणून. तुझ्या आईला मीच सांगत आलो की पोरीला कामाचा भार हाये, येता येत न्हाई. तेव्हा ती रडली. चार महिन्यांचं सगळं तिथे मैदानात, बिस्किटं खाणाऱ्या पोरांसमोर. मी मागे फिरलो आणि शाळेच्या नळावर जाऊन उगीच हात धूत राहिलो.

ती आमच्याकडे आणखी दीड वर्ष होती. मग दक्षिणेतल्या एका कृषी संशोधन केंद्रात तिची निवड झाली, शिकत शिकत काम करायची जागा. पुन्हा परदेशी अर्ज केला का, मी विचारलं नाही. दोन पत्रं आली. दुसऱ्यात लिहिलं होतं की साठवणीतलं बी का मरतं त्यावरच ती काम करतेय. नंतर आमची कंपनी विकली गेली, पत्ते बदलले, आणि पत्रं थांबली. तिच्या टेबलावर नवीन मुलगा आला. तो चांगला होता, झपाट्याने मोजायचा. कुजलेली बी तो केराच्या टोपलीत टाकायचा, तेच त्याचं काम होतं.

ती आता कुठे आहे मला माहीत नाही. पण आठवते ती त्या पंधरा ऑगस्टची. मी नळावरून परतलो तेव्हा बापलेक घराकडे निघाले होते. आमच्याकडे त्या वयाचा बाप पुढे चालतो आणि घरच्या बायका मागून येतात. तेही सवयीने पुढे गेले. शाळेच्या फाटकापाशी चिखल होता. ते तिथे थांबले, ती बरोबरीला येईपर्यंत उभे राहिले, आणि मग दोघं शेजारी शेजारी, सगळ्या गावादेखत रस्त्याच्या मधून चालत गेले.